बुदरीची पोरगी

सई आणि निहार,

हे बाबांकडून वाचून घ्या. तुम्हाला मराठी अक्षरं येतात, पण इतकी पानं एका बैठकीत वाचायची तुम्हाला सवय नाही. शिवाय यातली माणसं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं बोलतात. ते बाबांच्या तोंडी बरं बसेल. तो मूल गावच्या शाळेत शिकला आहे.

लिहायचं कारण परवा टपालाने आलं. केरळमधल्या एका ख्रिस्ती संस्थेची छोटी पत्रिका आहे. तिच्या सातव्या पानावर मी इंग्रजीत लिहिलेले दोन परिच्छेद छापले आहेत. सावली गावच्या रस्त्याला वृद्धाश्रम चालवणाऱ्या आमच्या सिस्टर गेल्या पावसाळ्यात वारल्या, तेव्हा त्यांच्या संस्थेने माझ्याकडून ते मागवले होते. सेवा, त्याग, नम्रता असे सगळे शब्द मी व्यवस्थित घातले होते. परवा छापलेलं वाचलं आणि लक्षात आलं की यात चूक कुठे नाही, पण सिस्टरही कुठे नाहीत. मुळात त्या नम्र नव्हत्या. म्हणून तुमच्यासाठी पुन्हा लिहिते आहे, या वेळी मराठीत.

तुम्ही दोघांनी त्यांना एकदा पाहिलं आहे. निहार, त्यांनी तुला मांडीवर घेऊन तुझी नखं कापली होती आणि तू गाव गोळा केलं होतंस. पायात गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट, अंगावर पांढरा झगा, गळ्यात जपमाळ, आणि जपमाळेशेजारी वेगळ्या दोऱ्यात नेलकटर. बूट सापांसाठी होते. नेलकटर सगळ्यांसाठी होतं.

म्हाताऱ्या माणसाचे पहिले हाल पायाच्या नखांपासून सुरू होतात, असं त्यांचं मत होतं. कंबर वाकत नाही, नजर पोचत नाही, सुनेला सांगायची लाज वाटते. नखं वाढतात, वळतात, मांसात जातात, मग माणूस चालणं सोडतो आणि चालणं सोडलं की खाटेला लागतो. दर शनिवारी अंगणात गरम पाण्याचं घमेलं ठेवून त्या बसायच्या आणि एकेकाचा पाय मांडीवर घ्यायच्या. काही नखं शिंगासारखी जाड. तिथे नेलकटर चालायचं नाही. त्यासाठी त्यांच्याकडे शेळ्यांची खुरं कापायची कात्री होती. ती उकळून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दचकले. त्या म्हणाल्या, "बकरी चालते, मंग मानूस काऊन नाई चालनार?"

हे असं मराठी त्या बोलायच्या. केरळहून आल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. इथल्या म्हाताऱ्यांकडून त्या भाषा शिकल्या. त्यामुळे त्यांचं मराठी त्यांच्याहून पन्नास वर्षांनी मोठं होतं. तिशीतली ती बाई कमरेवर हात ठेवून "आता माह्यानं होत नाई जी, दिवस भरले" असं सहज म्हणायची, कारण सकाळी पायरी चढताना सगळे हेच म्हणतात असं तिने ऐकलेलं होतं. पुढे अर्थ कळला तरी सवय गेली नाही.

माझं तिथलं काम पत्रांचं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून दर बुधवारी मी जात असे. संस्थेच्या वरिष्ठांना, ज्यांना सगळे मदर म्हणत, इंग्रजीतून पत्रं पाठवावी लागत. सिस्टर बोलत आणि मी लिहीत असे. "लिहा बाई, छत गळून राह्यलं, तुमी येऊन झोपून पाहा एक दिवस." मी लिहायची की छताच्या स्थितीकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. सिस्टर डोळे बारीक करून विचारायच्या, "झोपून पाहा लिहिलं काय?" मी हो म्हणायची. ही माझी त्यांच्याशी एकमेव खोटी वागणूक, आणि ती त्यांना बहुतेक माहीत होती.

भांडणं त्यांना आवडायची. मूलच्या तांदळाच्या गिरणीत आयुष्यभर पोती उचललेले नारायणभाऊ तिथे होते. त्यांचं आणि सिस्टरचं रोज वाजायचं. भातात खडा, चहा पातळ, पंख्याचा आवाज. एक दिवस नारायणभाऊ गप्प बसले, तर सिस्टरांनी ताबडतोब थर्मामीटर आणलं. "भांडून राह्यला म्हंजे बुढा ठीक हाय. गप बसला का मले भेव वाट्टे." ताप निघाला, एकशे दोन.

एकदा एक पुढारी वाढदिवसाला संत्री वाटायला आले. बरोबर दहा-बारा माणसं आणि एक फोटोवाला. प्रत्येकाच्या हातात एक संत्रं द्यायचं, फोटो काढायचा आणि पुढे जायचं, असा बेत. सिस्टरांनी खुर्ची आणून त्यांना बसवलं. "साहेब, ह्यायले दात नाईत. तुमी सोलून द्या, बिया काढून द्या." साहेबांनी दोन सोलली आणि उठायला लागले. सिस्टर पुढे उभ्या. "अजून बाया राह्यल्या जी." फोटोवाला कंटाळून निघून गेला. साहेब दुपारपर्यंत संत्री सोलत बसले. शेवटी एका आजीने त्यांची बोटं आपल्या पदराने पुसली आणि विचारलं, "बावा, घरी तुले कोन हाय?" ते गृहस्थ पुढे दर वर्षी यायचे, फोटोवाल्याशिवाय, आणि मुकाट्याने खुर्चीत बसायचे.

आता बुदरीबाईचं सांगते. सिस्टरांची ओळख मला तिथे झाली. त्याआधीची बारा वर्षं नुसता परिचय होता.

आश्रमाच्या मागे त्यांच्या चर्चची लहानशी दफनभूमी आहे. सिस्टरांनी एक रीत पाडली होती. आश्रमात आलेल्या माणसाला महिन्याभराने त्या तिथे न्यायच्या, हव्या त्या जागी एक रोप लावू द्यायच्या आणि रोज पाणी घालायला सांगायच्या. मेल्यावर आपल्याला याच झाडाखाली पुरणार हे आधीच ठरलं की म्हाताऱ्यांची झोप सुधारते, असं त्यांचं म्हणणं. हिंदू माणसांना सांगायच्या, "तुमाले जाळीन, पन राख ह्याच झाडाले टाकीन." लोकांना हे आवडायचं. नारायणभाऊंचा आंबा होता आणि ते त्यावरूनही भांडायचे, की शेजारणीच्या झाडाची सावली माझ्या आंब्यावर येते.

बुदरीबाई गोंड. धानोऱ्याच्या पुढे जंगलात तिचं गाव. तरुणपणी बांबू तोडायला आलेल्या एका तेलुगू मजुराबरोबर ती पळून गेली. सिरोंच्याला गोदावरीच्या काठी मासे सुकवून तिने आयुष्य काढलं. मूल झालं नाही. नवरा गेला, ती फिरत फिरत दवाखान्यात पोचली आणि तिथून कोणीतरी आश्रमात आणून सोडलं. बारीक, काळी, कपाळावर गोंदण, बोलणं कमी. तिने मोहाचं रोप लावलं आणि दोन वर्षं न चुकता पाणी घातलं. सिस्टर सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायच्या.

मग एका आठवड्यात तिने जेवण सोडलं. डॉक्टरांना काही सापडेना. मी बुधवारी गेले तेव्हा सिस्टर तिच्या खाटेशी पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या.

"बुदरी, काऊन खात नाई? कोन काई बोललं काय?"

तिने वाटी हाताने दूर सारली. मग म्हणाली, "मले इथी गाडू नका."

नारायणभाऊ शेजारच्या ओसरीवरून म्हणाले, "मी सांगितलं सिस्टर तिले. झाड चांगलं झालं म्हनलं, आता तुयी जागा पक्की. तिले मालूमच नोयतं."

तिला खरंच माहीत नव्हतं. सिस्टरांनी पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं, पण मराठीत, भराभर. बुदरीबाईला वाटलं, इथे राहायचं तर बागेचं काम करावं लागतं. तिने काम केलं.

मग तिने तुटक तुटक सांगितलं. तिच्या गावी माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड पूर्वजांच्या दगडांत उभा करतात. सणाला त्यांना जेवायला बोलावतात तेव्हा एकेका दगडाचं नाव घेतात. ज्याचा दगड नाही त्याला कोणी हाक मारत नाही. "आई-बाप तिथी हाय. मले कोन बलावन?" पण पळून गेलेल्या मुलीला गावाने जातीबाहेर टाकलं होतं. तिचा दगड कोण लावणार?

सिस्टर उठून बाहेर पायरीवर आल्या आणि त्यांनी बूट काढले. भरदिवसा त्यांनी बूट काढलेले मी तोवर पाहिले नव्हते. "चाळीस वर्सं झाली बाई. मी सगळ्यायले इचारलं, तुमाले काय खाऊशी वाट्टे. कोठी जाचं हाय, हे कोनालेच नाई इचारलं. मीच जागा देऊन राह्यली सगळ्यायले."

मी म्हटलं, तुमचा हेतू चांगला होता. त्यांनी बूट पुन्हा पायात चढवले.

पहिल्यांदा त्या एकट्याच बुदरीबाईच्या गावी गेल्या आणि संध्याकाळच्या आत परत आल्या. गावातली पूजा करणारा म्हातारा, त्याला गायता म्हणतात, दोनच वाक्यं बोलला होता. आम्हाला तुमचा येशू नको. आणि बुदरी नावाची आमच्याकडे कोणी नाही.

पुढच्या वेळी त्यांनी मला बरोबर घेतलं. मी जावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, कारण आपला काय संबंध असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. आम्ही जीपने गेलो. शेवटचा नाला पायी ओलांडला. सिस्टरांच्या डोक्यावर घमेलं होतं. गावाच्या मध्यभागी गोटूल, म्हणजे गावाची सामाईक बैठकीची जागा. तिथल्या ओसरीवर त्या बसल्या, एका बाईकडून गरम पाणी मागून घेतलं आणि समोरून काठी टेकत जाणाऱ्या एका आजीचा पाय धरला. आजी घाबरली, मग हसली, मग बसली. दुपारपर्यंत सात-आठ म्हातारी माणसं रांगेत आली. दगडाचा विषय सिस्टरांनी काढला नाही. गायता लांबून पाहत होता.

तो लंगडत होता. सिस्टरांनी ते आल्याआल्या पाहिलं असणार, पण बोलल्या शेवटी. "जोहार जी. आंगठ्याचं नख आत गेलं तुमचं. किती दिवस झाले?"

"माहा पाय हाय, मी पाहीन."

"पाहा. दिसते काय तुमाले तेवढ्या दुरून?"

बाया हसल्या. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग येऊन बसला. त्याचा पाय पाण्यात भिजत असताना सिस्टरांनी फडक्यातून कात्री काढली.

"हे काय हाय?"

"बकऱ्याची हाय. हलू नका."

पाय त्यांच्या मांडीवर आणि कात्री अंगठ्यात, अशा स्थितीत त्यांचं बोलणं झालं. गायता आठवडी बाजारात शिकलेलं मराठी बोलत होता.

"थे पळून गेली व्हती."

"पन्नास वर्सं झाली जी."

"पन्नास झाली तरी रीत हाय. गावाले जेवन द्या लागते. मंग घेता येते."

"देतो जेवन."

"तुमचं नाई चालत. पोरानं नाईतर पोरीनं वाढा लागते. उद्या दगडबी त्यानंच निवडा लागते नदीतून. तिले कोन हाय?"

सिस्टरांचा हात थांबला. मी त्यांच्या शेजारी होते. त्या कशाचा विचार करत होत्या ते मला कळत होतं. चोविसाव्या वर्षी आपले आईबाप, भावंडं, गाव सोडून, यापुढे कोणाची मुलगी नाही असं ठरवून त्या आल्या होत्या. आणि हा दुसऱ्यांच्या देवांचा विधी. वरिष्ठांची परवानगी नसताना यात पडणं त्यांच्या शपथेत बसत नव्हतं. या वयात त्यासाठी त्यांना आश्रमातून काढूनही घेता आलं असतं.

"मी हाय," त्या म्हणाल्या.

"तू कोन?"

"पोरगी."

गायत्याने त्यांच्याकडे वरपासून बुटांपर्यंत पाहिलं. "पोरगी लय म्हातारी झाली."

"काय करू, माय उशिरा भेटली."

तो हसला नाही, पण पाय काढून घेतला नाही. थोड्या वेळाने सिस्टर म्हणाल्या, "दारू पिनार नाई. कोंबडं कापनार नाई. बाकी सांगा."

"मोहाची दारू भुईवर टाकाची रायते. प्याले कोन सांगते तुले?"

"मंग टाकीन."

नख निघालं. त्याने अंगठा हलवून पाहिला.

परतल्यावर पत्र लिहायला बसलो. "लिहा, मदर, मी बुदरीची पोरगी झाली." मी लिहिलं की एका अनाथ वृद्धेच्या इच्छेखातर प्रतीकात्मक स्वरूपात मुलीची भूमिका स्वीकारली आहे. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला वाचून दाखवायला लावलं, मराठीत अर्थ सांगून. मी अडखळले. "खोडा बाई. नाटक नाई करून राह्यली मी. झाली म्हंजे झाली." मी कागद फाडला आणि त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द, लिहिलं. माझ्या हातून गेलेलं ते सर्वांत वाईट इंग्रजी पत्र असेल.

उत्तराची वाट न पाहता तयारी सुरू झाली. आश्रमातल्या साऱ्यांनी पळसाच्या पानांच्या पत्रावळी शिवल्या. नारायणभाऊंनी तांदूळ स्वतः निवडला, एकही खडा राहू नये म्हणून. पेज घेऊन जरा उभी राहू लागलेली बुदरीबाईही पत्रावळी शिवायला बसली. आपल्याला परत घेण्याच्या जेवणाची पानं ती स्वतः शिवत होती, आणि तिच्या काड्या सगळ्यांत नीट बसत होत्या.

जेवणाच्या दिवशी सिस्टरांनी भात वाढला, भुईवर मोहाची दारू टाकली, आणि गायता जे म्हणेल ते केलं. तो पुटपुटत होता तेव्हा त्यांचेही ओठ हलत होते. त्या आपली प्रार्थना म्हणत असाव्यात. मी विचारलं नाही. बुदरीबाईला बायांनी मध्ये बसवलं आणि तिच्या लहानपणच्या एका म्हाताऱ्या मैत्रिणीने तिला गोंडीत काहीतरी मोठी शिवी दिली. त्यावर दोघी इतक्या हसल्या की घास खाली पडला.

गावाने तिला राहायला सांगितलं. ती म्हणाली, खाट तिकडे आहे, झाडाला पाणी घालायचं आहे. आणि आली परत.

मदरचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. एकच ओळ होती: पुढच्या वेळी आधी विचारावे. सिस्टरांनी कागदाची घडी घातली. "पुढच्या वेळी म्हन्ते. म्हंजे या वेळचं चालते."

बुदरीबाई पुढच्या उन्हाळ्यात गेली, झोपेत. तिला गावी नेलं. दगड निवडायला सिस्टर नदीच्या कोरड्या पात्रात उतरल्या आणि त्यांना एकही पसंत पडेना. हा तिरपा, तो फुटका, हा तिच्यासाठी फार मोठा. ऊन चढलं. काठावर बसलेला गायता शेवटी ओरडला, "पोरी, लवकर कर व."

सिस्टर तिथेच वाकलेल्या राहिल्या. मला वाटलं कंबर धरली, म्हणून मी जवळ गेले. त्या रडत होत्या. साठी ओलांडलेल्या बाईला पोरी म्हणणारं जगात तोवर कोणी उरलं नव्हतं. मग नाक पुसून त्या म्हणाल्या, "हा घ्या," आणि सगळ्यांत पहिल्यांदा नाकारलेलाच दगड दाखवला.

त्यानंतर दर वर्षी सणाला त्या जायच्या, बूट घालून, कात्री घेऊन. पुढे त्यांचेच गुडघे गेले आणि संस्थेने त्यांना केरळला, वृद्ध सिस्टरांच्या घरी बोलावून घेतलं. जायचं नव्हतं, पण हुकूम होता. निघताना मला म्हणाल्या, "तिथी मले कोन नखं कापन, हेच पाहाचं हाय." पुढे फोनवर कळलं की तिथेही शनिवारी त्या स्वतःच घमेलं घेऊन बसतात.

त्या गेल्याचं पत्र आल्यावर मी आश्रमातल्या नव्या सिस्टरांना सांगितलं. त्यांच्याकडून ते दवाखान्यात आलेल्या गायत्याच्या मुलाला कळलं. त्याने विचारलं, कुठे गाडलं? केरळला, हे ऐकून तो निघून गेला. दिवाळीनंतर तोच परत आला आणि त्याने माझ्यासाठी निरोप ठेवला की दगड लावला आहे, बाईने येऊन पाहावं.

मी जानेवारीत गेले. बुदरीबाईचा दगड कमरेइतका आहे. त्याच्या पायथ्याशी डाव्या हाताला एक लहान दगड आहे. गायता आता फारच थकला आहे, पण काठी टेकत तो माझ्याबरोबर आला. मी त्याला विचारलं की त्यांचं नाव कसं घेता? कारण सिस्टरांचं खरं नाव त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बुदरीची पोरगी," तो म्हणाला. "तिच्या मांगंच घेतो. माय आली का पोरगी येते."

दोन्ही दगड आहेत. लहान दगड थोडा कलला आहे, गाईगुरं अंग घासतात म्हणून. तुम्ही पुढे कधी आलात आणि मी नसले, तर धानोऱ्याहून जीप मिळते; शेवटचा नाला पायी ओलांडावा लागतो. गावात कोणालाही बुदरीच्या पोरीचा दगड विचारा. दाखवतात.

तुमची,
आजी